अर्ध्या ओळीने अडवलेला भोंगा

एका धरणावर, फार जुनी नव्हे, अलीकडचीच गोष्ट, दरवाजांचा जवळजवळ सारा कारभार संगणकाच्या पडद्यावरून चाले. ती प्रणाली रचणाऱ्या वृद्ध गृहस्थांना सगळे गुरुजी म्हणत. शलाका त्यांची शिष्या. बुद्धी अशी तल्लख की विचारू नका. धीर मात्र बेताचाच.

त्या पडद्यामागे एक फेरी अखंड चालू असे. कोणी बटण दाबले का, पाण्याची पातळी हलली का, एकेकाची विचारपूस करायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शलाकाने त्याच पडद्यावर एक इंटरप्रिटर बसवला. संगणकाचा दुभाषाच म्हणा ना. माणसाने आज्ञेची ओळ लिहावी, त्याने तिचा अर्थ लावून ती तत्काळ पार पाडावी. देखणे काम! चाचणी पार पडली की दुसऱ्याच दिवशी ते कायमचे रुजू होणार होते.

चाचणीच्या दिवशी सकाळी दहाला पाणी सुटायचे होते. दरवाजा तेवढा स्वतंत्र घड्याळावर आपोआप उघडे. त्याआधी खालच्या लोकांना सावध करायला याच पडद्यावरून भोंगा वाजवणे हे ऑपरेटर भिवा शेलार यांचे काम. वीस वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते. खाली नदीपात्रात बायका धुणे धूत होत्या, आणि त्यांत शेलारांची सूनही होती.

दहाला दहा कमी असताना गुरुजी खुर्चीत बसले. दुभाष्यापुढे त्यांनी अर्धीच ओळ लिहिली, आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"गुरुजी, ओळ पुरी करा ना," शलाका म्हणाली. ते खिडकीबाहेर नदीकडे पाहत राहिले.

शेलारांनी भोंग्याचे बटण दाबले. आवाज नाही. पुन्हा दाबले, पुन्हा दाबले. पडदा ढिम्म हलेना. "अहो बाई, बटण लागत नाही! खाली माणसं आहेत!"

 शलाकाने कळफलकाकडे धाव घेतली, तोच गुरुजींनी तिचा हात धरला. दहा वाजेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. दहा वाजले. दरवाजा जागचा हलला नाही.

"दरवाजाच्या मोटारीचा मेन स्विच मी सकाळीच बंद करून ठेवला आहे," गुरुजी म्हणाले. "आज खाली थेंबही जाणार नाही."

"जीव घेताय काय, गुरुजी!" शेलार मटकन खाली बसले.

"क्षमा करा, शेलार. उद्या हा स्विच बंद करायला मी इथे नसेन, म्हणून आजच दाखवले."

शलाका रडकुंडीला आली. "काय चुकलं माझं?"

"पोरी, तुझा दुभाषा हुशार आहे, पण पुढचे अक्षर येईपर्यंत तो वाट अडवून बसतो, आणि सगळी फेरी त्याच्यापाशी खोळंबते. त्याला फेरीचा मालक करू नकोस. अक्षर येईल तेव्हा फेरीने ते त्याच्या हाती द्यावे. त्याने ते जपून ठेवावे, 'अजून अपुरे आहे' एवढे सांगावे आणि वाट मोकळी करावी. ओळ पुरी होईल तेव्हा होईल. तोवर भोंगा वाजलाच पाहिजे."

शलाकाने मान खाली घातली. "एवढी साधी गोष्ट मला आधी कशी कळली नाही?"

गुरुजींनी शेलारांकडे पाहिले. शेलार संकोचले. "बाई, तुम्ही लिहीत बसलात की माझी बटणं झोपतात, हे सांगायला मी दोनदा आलो होतो. तुम्ही मान वर न करताच म्हणालात, 'थांबा काका, एवढं पुरं होऊ दे.' मग मी थांबलो."

 शलाकाला रडू आले आणि तिने ते लपवले नाही. ती शेलारांशेजारी जमिनीवरच बसली. "चुकले मी, काका. आता सांगा, आणखी काय काय अडतं तुमचं?"

शेलार सांगू लागले. ती मध्ये एकदाही बोलली नाही.

हातातले काम कितीही मोठे असो. दाराशी आलेल्याला 'थांबा' म्हणण्याआधी तो काय सांगायला आला आहे, एवढे तरी आपण विचारावे.