गटारात काय सोडू नये

"…पण आप्पा, गटार असतं तरी कशासाठी? घाण सोडायलाच ना?"

व्यंकटेश गड्डम मठाच्या ओसरीवर बसून बोलत होता. सूत रंगवायचा त्याचा कारखाना शहरात नावाजलेला. शिवबसव आप्पांचा तो जुना शिष्य, पण मठात प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच द्यायचं, ही त्याची रीत.

आप्पा सुपात शेंगा घेऊन सोलत होते.

व्यंकटेशनं मग महापालिकेचे नियम ऐकवले. गटारात ॲसिड सोडायचं नाही, उकळतं पाणी सोडायचं नाही, तेल नको, रंग नको, सुताचे गुंते नकोत. पाणी एवढं निर्मळ असतं तर ते आपण झाडांना नसतं का घातलं, असं त्याचं म्हणणं.

"तू काय सोडलंस?" आप्पांनी विचारलं.

व्यंकटेश खाली बघत सांगू लागला.

कारखान्यात पाणी शुद्ध करायची टाकी होती. पण टाकीत पाणी निवळेपर्यंत पुढचं काम अडून राही. म्हणून हल्ली तो ॲसिडचं पाणी तसंच गटारात सोडून देई. काल पुढच्या चौकात गटार तुंबलं. ते मोकळं करायला दशरथ नावाचा सफाई कामगार चेंबरमध्ये उतरला. ॲसिड आतल्या घाणीत मिसळून विषारी वायू साठला होता. दशरथ आतच कोसळला. वरच्यांनी दोर लावून त्याला बाहेर ओढलं, तेव्हा त्याचे ओठ निळे पडलेले.

व्यंकटेश दवाखान्यासमोर गाडीत बसून राहिला होता. आत जायचा धीर झाला नाही. आज सकाळी बाहेर आलेल्या नर्सनं सांगितलं, शुद्धीवर आलाय, धोका टळला. तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला, आणि त्यानं गाडी मठाकडं वळवली.

कारखान्याचं नाव अजून कुणी घेतलं नव्हतं. गटारात गॅस साठतोच, असं लोक म्हणत होते.

"आणि नियमानं त्याला आत उतरवायलाच नको होतं, आप्पा. ती चूक काही माझी नाही."

"नाही," आप्पा म्हणाले.

आप्पा इतक्या सहज कबूल होतील असं त्याला वाटलं नव्हतं.

त्याचे डोळे भरून आले. देवानं राखलं, म्हणाला. आता सगळं तुमच्या पायांशी सोडतो आणि मोकळा होतो. आणि तो वाकला.

आप्पांनी पाय मागं घेतले.

व्यंकटेशचे हात नुसत्या फरशीवर टेकले.

"इथं सोडू नकोस."

"मग कुठं?"

आप्पा सूप उचलून आत गेले.

आप्पा काही परत बाहेर आले नाहीत. अखेर त्यानं कारखान्यात फोन करून काम थांबवायला सांगितलं आणि दवाखान्याची वाट धरली.

दशरथच्या उशाशी त्याची बायको बसली होती. व्यंकटेशनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाणी कुणाचं, कधीपासून, कुणाच्या सांगण्यावरून. बाई उठली आणि पाठ फिरवून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

दशरथचा घसा पार बसला होता.

"मालक, माझ्या जागी उद्या दुसरा उतरंल. पाणी सोडणार का?"

"नाही. बंद केलंय. पालिकेतही सांगतो."

दशरथनं दाराकडं बोट केलं.

"सांगून या," म्हणाला.

व्यंकटेश पालिकेत गेला. समोरच्या साहेबाला आधी वाटलं, हा दुसऱ्या कुणाची तक्रार घेऊन आलाय. व्यंकटेशनं सांगताना काही गाळलं नाही. तिथून तो पुन्हा दवाखान्यात आला आणि झालं ते दशरथच्या कानावर घातलं.

दशरथनं मान हलवली. शुद्धीवर आल्यापासून डोळा मिटायचं त्याला भ्या वाटत होतं, असं त्याची बायको खिडकीकडूनच म्हणाली. दशरथ कुशीवर वळला. थोड्याच वेळात तो घोरू लागला.

दिवस कलताना व्यंकटेश मठात पोचला, तो पायऱ्यांवरूनच बोलत आला. कारखान्याला सील लागणार होतं. खटलाही होणार होता. बाईनं शेवटपर्यंत त्याच्याकडं पाहिलं नव्हतं आणि दशरथच्या तोंडून क्षमेचा एक शब्द निघाला नव्हता. हे सगळं तो हसत सांगत होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्याच्या आवाजानं ओसरी भरून गेली.

"कुणी माफ केलं नाही आप्पा, तरी एवढं हलकं का वाटतंय?"

आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं…

"दशरथ काय करतोय?"

"झोपलाय."

"मग हळू बोल."