तांबट आळीची मुकी घटका

धामणसरच्या तांबट आळीत रोज दुपारी बाराच्या ठोक्याला हातोडे थांबतात. एरवी या आळीत शेजारच्याशी बोलायचे तर त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते. बारा वाजले की मात्र बंब असो की ताम्हन, हातात असेल ते काम खाली ठेवायचे आणि उंबऱ्यावर येऊन बसायचे. एकतीसच्या एकतीस घरे बसतात. जेवायला नव्हे, जेवण त्यानंतर. ही आळीची मुकी घटका. चोवीस मिनिटांची.

नगरपालिकेच्या बाजारपेठ पुनरुज्जीवन आराखड्याची मंडळी परवा नकाशे घेऊन आली, तेव्हा त्यांच्यातल्या बाई म्हणाल्या, "बरं झालं, लंच ब्रेक आहे. शांतपणे मोजमाप होईल." गणपतअण्णा पोटफोडे हे आळीतले सर्वांत वडीलधारे. ऐंशीला टेकलेत, पण डोके अजून लवकर तापते. त्यांनी बाईंना बसायला स्टूल दिले, प्यायला पाणी दिले, आणि मग या घटकेमागची गोष्ट सुनावावी तशी सांगितली.

धामणसरला संस्थान होते तेव्हाची ही हकिकत आहे, असे सांगतात. पेठेला त्या वेळी उतरती कळा लागली होती, हे खोटे नाही. बैलांचे तांडे दुसऱ्या घाटाने जाऊ लागले होते, निम्म्या दुकानांना कड्या लागल्या होत्या. महाराजांचे कारभारी विसाजीपंत चार मोठी शहरे पाहून आले आणि त्यांनी ठरवले की गावाचे रूप पालटायचे. वेशीपासून वाड्याच्या दारापर्यंत एक सरळ दोरी धरायची, दोन्ही अंगांना कमानींची दुकाने काढायची, परगावचे सावकार आणून बसवायचे. माणूस हुशार होता म्हणे. फक्त दोरी धरताना तिच्याखाली कोण राहते हे त्याने पाहिले नाही. तांबटांच्या ठोकाठोकीने गिऱ्हाईक पळते असे त्याचे मत पडले, आणि साऱ्या आळीला नदीपलीकडच्या खडकमाळावर जागा नेमून दिली. तिथे ना पाणी, ना सावली, ना जायला धड वाट.

आळीच्या तोंडाशी तेव्हा सगळ्यांची मिळून एक भट्टी होती. ती ठकूबाई सांभाळायची. नवरा गेल्यापासून वीस वर्षे तिने तो विस्तव विझू दिला नव्हता. लग्न असो, सुतक असो, आळीतली प्रत्येक चूल आणि प्रत्येक मूस त्याच विस्तवावर पेटायची. बाई अंगाने किरकोळ, आवाजाने मात्र दांडगी. आयुष्यभर हातोड्यांत राहिल्याने तिला कमी ऐकू यायचे, आणि आपल्याला येत नाही म्हणजे कोणालाच येत नाही, अशा समजुतीने ती बोलायची. तिचे सारे जग त्या भट्टीच्या चार हातांत होते. दुसरीकडे कुठे तिने अंथरूण टाकले नव्हते आणि टाकायची इच्छाही नव्हती.

कायदा असा होता की घर पाडायचे तर आधी दवंडी द्यायची आणि तीन दिवस हरकतीची वाट पाहायची. पंतांनी दवंडी दिली. कधी दिली? सकाळी कामाच्या ऐन भरात, शंभर हातोडे एकदम पडत असताना. दवंडीवाला हलगी बडवत आळीतून गेला, तोंड उघडून मिटून काहीतरी बोलला. ठकूबाईने त्याला पाहिलेही. बकऱ्यांचा बाजार सांगत असेल असे वाटून तिने मान हलवली आणि कोळसे सारले. बाकीच्यांनीही तेच केले. ते मान हलवणे पंतांनी होकार म्हणून धरले. तीन दिवसांत एकही हरकत आली नाही, मग आणखी काय हवे?

चौथ्या दिवशी पहारी घेऊन माणसे आली. दोरीत पहिली आली ती भट्टी. ठकूबाई पुढे धावेपर्यंत दोन घागरी पाणी विस्तवावर पडले होते आणि मागची भिंत खाली आली होती. वीस वर्षांच्या राखेचा चिखल तिच्या पायावरून वाहिला. तिला रडू आले नाही. अंगाचा असा भडका उडाला की तिने पहारवाल्याच्या हातची पहार हिसकावून रस्त्यात फेकली.

पंत घोड्यावरच होते. "दवंडी रीतसर दिली होती. तुम्ही ऐकली नाही, त्याला सरकार काय करणार?"

"आमच्या हातोड्यात दवंडी देता आणि वर आम्हालाच बहिरं म्हणता?" ठकूबाई ओरडली. "आमच्या तोंडचं काही ऐकायचंच नव्हतं तुम्हाला. मग आता कशाचंच ऐकू नका. या आळीनं घडवलेल्या तांब्याला आजपासून वाचा नाही!"

आणि तसेच झाले, असे जुनी माणसे सांगतात. संध्याकाळी देवळातली घंटा वाजवली तर लाकडावर हात आपटल्यासारखा आवाज आला. घराघरांत भांडे भांड्याला लागले तरी नाद नाही. वाड्यावरचा नगाराही मुका झाला, कारण त्याचे भांडे याच आळीतले. पाच दिवसांवर दसरा होता. नगाऱ्याशिवाय सीमोल्लंघन कसे करायचे? पुरोहितांनी उपाय केले, चामडे बदलले. नगारा ढिम्म. शेवटी महाराज स्वतः आळीत आले, मागे मोजणीची दोरी हातात घेऊन, मान खाली घालून पंत.

महाराज म्हणाले, "बाई, तुमची तक्रार काय ती सांगा."

ठकूबाईने आळीकडे पाहून हात वर केला. तांबे मुके होते, पण ऐरणी लोखंडाच्या होत्या. रिकाम्या ऐरणीवर घाव घालणे तांबटांत अशुभ मानतात. त्या दिवशी शंभर हातोडे रिकाम्या ऐरणींवर पडले. त्या दणदणाटात ठकूबाई महाराजांसमोर उभी राहून बोलत राहिली. भट्टीचे सांगितले, विस्तवाचे सांगितले, खडकमाळाचे सांगितले, पंतांचा उद्धार केला. महाराजांना फक्त तिचे हलणारे ओठ दिसत होते. कानांवर हात ठेवून ते पुढे वाकले, तरी एक अक्षर कळेना. मग तिने हात खाली केला. हातोडे थांबले.

"सांगितलं सगळं," ती म्हणाली. "रीतसर सांगितलं. सरकारांनी हरकत घेतली नाही, तेव्हा उद्या वाड्याची भिंत पाडायला घेते."

म्हणतात की महाराज पंतांकडे वळले. मग त्यांनी पंतांच्या हातातली दोरी घेतली आणि आळीच्या तोंडाशी तोडली. धामणसरचा तो सरळ रस्ता त्यामुळेच आळीपाशी येऊन वळसा घेतो. महाराजांनी भट्टी पुन्हा बांधून द्यायचेही कबूल केले. ठकूबाईने ते नाकारले. "दगड बांधाल, पण माझा विस्तव कुठून आणाल?" असे तिने तोंडावर विचारले. मागितले ते एवढेच, की दिवसातून एक घटका आळी हातोडे खाली ठेवील. सरकारला काही सांगायचे असेल तर तेव्हाच येऊन सांगायचे, आणि आलेल्याने आळीचे बोलणे संपेपर्यंत उठायचे नाही. महाराजांनी शब्द दिला तेव्हा वाड्यावरून नगाऱ्याचा आवाज आला. पंतांना मात्र तिने मरेपर्यंत माफ केले नाही. करायला हवे होते असे आळीत आजवर कोणी म्हटलेले नाही.

अण्णा थांबले. बाईंनी फाइल मिटली आणि जरा अवघडून म्हणाल्या, "काका, गोष्ट छान आहे. पण आळी हलवण्यावरच्या हरकतींची मुदत कालच संपली. नोटीस महिनाभर वेबसाइटवर होती. तुमच्याकडून एकही हरकत आली नाही."

"कशावर होती?" अण्णांनी विचारले.

"वेबसाइटवर. संगणकावर."

अण्णांचा चेहरा तांबडा झाला. "तीच दवंडी!" ते कडाडले. "आणि कारागिरांना कुठं टाकताय? एमआयडीसीत? बारा किलोमीटर?" बाई उठू लागल्या तेव्हा समोरच्या आणि शेजारच्या उंबऱ्यांवरची माणसे उठून स्टुलाभोवती येऊन उभी राहिली होती. कोणी हात लावला नाही, वाट मात्र कोणी दिली नाही.

आजही मुक्या घटकेत आळीत आलेल्या माणसाला ऐकल्यावाचून उठता येत नाही. बाई पुन्हा बसल्या, फाइल उघडली, पेनाचे टोपण काढले. सर्वांत आधी बोलल्या त्या कलई करणाऱ्या सुंदराबाई वडके, कोळशाने काळे झालेले हात पदराला पुसत.

"लिहा," त्या म्हणाल्या. "माझी भट्टी पेटती आहे. ती विझवायला कोण येणार, त्याचं नाव आधी लिहा."