पहिली खुंटी

ही हकीगत मला निवृत्त भूमापक श्री. दत्ताराम खैरमोडे यांनी १० मार्च २०१९ रोजी, रविवारी दुपारी, त्यांच्या घरी सांगितली. घटनेच्या वेळी ते स्वतः तेथे हजर होते.

वृंदा कर्णिक आयुष्यातील पहिला भूखंड घेत होती. पर्समध्ये आईच्या निवृत्तीच्या साऱ्या रकमेचा धनादेश होता. त्या भूखंडावरच उभे राहून विकासक आबासाहेब जगदाळे घाई करीत होते. "ताई, दुपारनंतर दुसरं गिऱ्हाईक येतंय. सात-बारा कोरा आहे, हद्दीचा वाद नाही. दोनशे प्लॉट विकलेत मी. तुम्हाला अनुभव किती?"

"काहीच नाही," वृंदा म्हणाली. "म्हणूनच एक विनंती आहे. हद्दीची पहिली खुंटी तुमच्या अनुभवी हातांनी ठोका. ती बसली की मी लगेच सही करते."

आबासाहेबांनी हसत हातोडा उचलला. तोच शेजारच्या रानात ज्वारी काढणारे तिघे भाऊ विळ्यांसकट ताठ उभे राहिले. त्यांतला थोरला ओरडला, "ठोका की आबा! बघू तरी, कुणाच्या रानात ठोकताय!"

आबासाहेबांनी हातोडा हळूच खाली ठेवला. "आज मुहूर्त बरा नाही, ताई."

"मग सहीलाही तो बरा नसणार," वृंदा म्हणाली आणि तिने पर्सची चेन लावली.

नवख्याने कागद पाहिल्यावर बांधावरच्या शेजाऱ्यालाही विचारावे, असे खैरमोडे यांचे मत आहे. आदल्या दिवशी वृंदा त्या भावांना भेटून आली होती काय, याची खातरजमा मात्र मला कधीच करता आली नाही.