‘भरलं’ म्हटल्याशिवाय

ती टाकी दिसते ना, तिच्या पायथ्याशी पाणी सोडायची लोखंडाची दोन चाके आहेत. लहान चाक खालच्या आळीच्या पाण्याचे, मोठे बाकी सगळ्या चिंचोड गावाचे. सकाळी आधी लहान चाक फिरते. आळीतला शेवटचा हंडा भरला की तिथली एक बाई ‘भरलंऽऽ’ अशी आरोळी ठोकते आणि मगच मोठे चाक फिरवतात. सगळीकडे मान थोरांपासून सुरू होतो, तुमच्याकडे हे उलटे कसे, असे पाहुणे हसत हसत विचारतात. हसू नका. यापायी एक भला माणूस मेला आहे.

दाजीबा नेर्लेकर म्हणून कापडाचे दुकानदार होते, ते म्हणे फार वर्षांपूर्वी इथले नगराध्यक्ष. मुलींची शाळा त्यांनी काढली, रस्त्यांवर कंदील त्यांनीच लावले. खालच्या आळीत कातडी कमावणारे राहत. कातडी धुण्याच्या डबक्याला लागूनच त्यांची प्यायची विहीर. दरसाल पटकी यायची आणि तिथलीच माणसे न्यायची. दाजीबांनी नगरपालिकेच्या भरसभेत शपथ घेतली, "आळीला नळाचं पाणी मिळेपर्यंत मीही त्याच विहिरीचं पाणी पिईन." मेंबरांनी बाके वाजवली. बाके वाजवायला कुणाचे काय जाते?

दाजीबांनी टाकी बांधली, नळ थेट आळीपर्यंत नेला. पण पाणी सोडायच्या दिवशी गाव आपल्या वळणावर गेले. मानाचा क्रम काढला! आधी देवळाची तोटी, मग पाटलांची, मग देशमुखांची, मग इनामदार, मग मेंबर. होळीच्या पोळीला जो क्रम, तोच पाण्याला. मानाचे पाणी म्हणून एकेकाने अंगणेसुद्धा धुऊन काढली. खालच्या आळीची पाळी येईतो टाकी रिकामी, नळ नुसता फुसफुसायचा. रोज हेच. दाजीबा दारोदार फिरले. लोक गोड हसून म्हणत, "अध्यक्षसाहेब, पूर्वापार मान आहे, तो कसा मोडायचा?" या एका वाक्याने माझे डोके आजही फिरते. माणसे मरत होती आणि यांना मान सुचत होता!

शपथ मोडणे दाजीबांच्या रक्तात नव्हते. त्या उन्हाळ्यात पटकीने त्यांनाच गाठले. मेंबर मंडळी चांदीच्या भांड्यातून नळाचे पाणी घेऊन धावली. दाजीबांनी तोंड फिरवले. त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनी ते भांडे अंगणात भिरकावले. "इतके दिवस त्यांचं ऐकलं नाहीत, आता पाणी पाजायला आलात? चालते व्हा!"

दाजीबा गेले. असे सांगतात की त्याच घटकेला वरचे सगळे नळ कोरडे पडले आणि कुणी हात न लावता खालच्या आळीचा नळ भदाभदा वाहू लागला. बायकांनी हंडे भरले. शेवटची बाई रडत रडत ओरडली, "भरलं हो अध्यक्ष, भरलं!" तेव्हा कुठे वर पाणी आले. गावाची पाचावर धारण बसली. आळीसाठी वेगळे चाक बसवले, क्रम उलटा केला. भीतीने केला. माणुसकीने केला असता तर मला सांगताना जास्त बरे वाटले असते.

आजही रोज सकाळी ही आरोळी होते. गेल्या उन्हाळ्यात मात्र हल्लीच्या नगराध्यक्षांनी ती रेकॉर्ड करून टाकीवर भोंगा बसवला. आळीत थेंब नसला तरी भोंगा ‘भरलं’ म्हणायचा आणि मोठे चाक फिरायचे. ज्या दाजीबांच्या फोटोला हार घालून निवडून आलात, त्यांच्याशीच ही लबाडी? लाज कशी वाटली नाही! शेवटी आळीतल्या बायकांनी भोंग्याची तार तोडली आणि मोठ्या चाकाभोवती ठिय्या मांडला. दुपार झाली, वरच्या गावात पाणी नाही. नगराध्यक्ष गाडीतून उतरले आणि आरोळी देणाऱ्या हौसामावशींपुढे हात जोडून म्हणाले, "मावशी, वरची माणसं तहानलीत. एकदा ओरडा हो."

मावशींनी रिकामा हंडा त्यांच्या पुढ्यात आदळला.

"घशाला कोरड पडलीया, साहेब. आवाज कुठनं काढू?"