ठकूआयने सोडलेली गाठ

खाडीवर पूल झाला नव्हता आणि बंदराला शिडाची गलबतं लागत होती, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. तिवरवाडीत तेव्हा ठकू नावाची एक सुईण राहायची. लहानथोर सगळे तिला ठकूआय म्हणत. गावातलं प्रत्येक पोर तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे मिशीला पीळ भरणारे गडीसुद्धा तिच्यापुढे आवाज चढवत नसत.

तिची खरी करामत बाळ बांधण्यात होती. तेल लावून, न्हाऊ घालून, धुरी देऊन झालं की जुन्या लुगड्याच्या मऊ दुपट्यात ती बाळाला गुंडाळी. हात छातीशी, पाय सैल, आत दोन बोटं जातील एवढी जागा, आणि बाजूला एक गाठ. दचकून रडणारं पोर दोन प्रहर गाढ झोपे. असं म्हणतात, की ते झोपलं की गावातले कोंबडेही आरवायचं विसरत. कोंबड्यांचं मला काही खरं वाटत नाही.

गावात एक समजूतही होती. बांधलेलं पोर घर धरून राहतं, मोकळं ठेवलेलं दर्यावर जातं. ही समजूत पडली ठकूआयच्याच एकुलत्या लेकामुळे, भिवामुळे. तान्हेपणी त्याला दुपटं मुळीच सोसत नसे, म्हणून तिने त्याला मोकळंच निजवलं. अठराव्या वर्षी तो गलबतावर चढला आणि परत आलाच नाही. वीस वर्षं ती रोज दुपारी धक्क्यावर जाऊन बसली. माणसं उतरत, तिचा भिवा उतरत नसे. फार आठवण आली की "बांदला असता तर," एवढंच ती म्हणे.

एके दिवशी सुभी तिच्या दारात आली. सुभीचा नवरा गलबताबरोबर बुडाला होता आणि कडेवर पाच महिन्यांचा लेक होता.

"आये, ह्याला आवळून बांद," सुभी म्हणाली. "ह्यो पन बापासारका दर्यावर गेला, तर मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

ठकूआयचं काळीज हललं. वीस वर्षांची सगळी हुरहुर तिच्या हातात उतरली आणि तिने पोराला असं बांधलं, की आत एक बोटही जाईना. पोर झोपलं. दोघी ओसरीवर बसून आपापल्या माणसांच्या आठवणी काढत राहिल्या.

थोड्या वेळाने ठकूआय आत डोकावली, तर पोर झोपेतच उलटून पालथं झालेलं. तोंड गोधडीत रुतलेलं, आणि हात बांधलेले, म्हणून त्याला मान उचलून धरता येईना. तिने झडप घातली. पोर निळं पडलं होतं. गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा तिने ती दातांनी सोडली.

पोराने श्वास घेतला, टाहो फोडला आणि सुटलेल्या हाताने तिचं बोट धरलं. असं म्हणतात, त्याच घटकेला साठीच्या ठकूआयला पान्हा फुटला. चोळी भिजली, ओसरी भिजली, धार उताराने धक्क्यापर्यंत गेली, आणि खाडीचं खारं पाणी दिवसभर गोड लागत होतं. हे मात्र मला खरं वाटतं.

"उलटायला लागल्यालं पोर बांदायचं नसतं, बाये," ठकूआय रडत म्हणाली. "ठावं असून मी बांदलं. मला माझा भिवा दिसत व्हता."

"मंग ह्यो पन जायल?"

"जायल तर जायल. जित्ता तर ऱ्हायल."

भिवा निघाला तेव्हा ती रागाने घरातच बसून राहिली होती. त्याला जे म्हणायचं राहून गेलं, ते तिने त्या पोराच्या कपाळावर हात ठेवून म्हटलं, "जाऊन ये रे, बाळा."

आजही तिवरवाडीत तान्ह्या बाळाला दुपट्यात बांधतात. पण ज्या दिवशी ते कूस बदलून उलटू पाहतं, त्याच दिवशी दुपटं कायमचं सुटतं. बायका त्याला धक्क्यावर नेतात. आई ठकूआयचं नाव घेऊन गाठ सोडते आणि दर्याकडे तोंड करून बाळाला "जाऊन ये" म्हणते. कुणाकुणा आईच्या तोंडून ते दोन शब्द निघता निघत नाहीत. तेव्हा कुणी घाई करत नाही. भरती ओसरून चिखल उघडा पडला, तरी बायका तिच्याजवळ थांबून राहतात.