बकुळेचं पाणी

"मग काय, देवाचा गाभारा तिला मुतायला मोकळा सोडायचा होता?"

हेरंबशास्त्री हे बोलले तेव्हा सोवळ्यात होते. एरवी सोवळ्यात असा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नसता. पण माणूस चिडला की भाषा आधी सुटते.

भिवाबुवा या मठाचे गुरू. ते ओसरीवर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर बकुळा पडली होती.

बकुळा ही मठातली मांजरी. करडी, म्हातारी, एक कान फाटलेला. कधीकाळी तिने अख्ख्या मठातले उंदीर पळवले होते. आता तिचं डोकं बुवांच्या गुडघ्यावरून खाली लोंबत होतं आणि ते वर घेण्याचीही ताकद तिच्यात नव्हती.

बुवांना परगावाहून मीच गाडीने घेऊन आलो होतो. तिकडे एक जुना भक्त अंथरुणाला खिळला होता, त्याला भेटायला ते गेले होते. निघताना त्यांनी शास्त्र्यांना एकच गोष्ट सांगितली होती. "पानी तेवढं बघ तिचं." बाकी मठाचं काय करायचं, हे त्यांनी सांगितलंही नव्हतं.

आणि नेमकं तेवढंच शास्त्र्यांनी केलं नाही.

आता इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही.

बकुळेची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. तालुक्याच्या गावच्या जनावरांच्या डॉक्टर, शबाना मुजावर, यांनी तपासून सांगितलं होतं की हे बरं होणारं दुखणं नाही. शरीरात पाणी टिकत नाही, म्हणून ती सारखी पिणार आणि सारखी मुतणार. पाणी मिळत राहिलं, अधूनमधून कातडीखाली सलाईन दिलं, तर उरलेले दिवस सुखात जातील.

बुवा सुई टोचायला शिकले. ओसरीच्या खांबाला खिळा होता, त्याला बाटली अडकवायची, बकुळेला मांडीवर घ्यायचं, मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची. प्रवचनाची वेळ झाली तरी लोक बसून राहायचे, आणि बुवा बाटलीतला थेंब न् थेंब संपेपर्यंत उठायचे नाहीत.

हे शास्त्र्यांना सहन होत नव्हतं.

हेरंबशास्त्री मोठे विद्वान, त्याबद्दल वाद नाही. पाठशाळेत तर्कशास्त्र शिकलेले. येरळेकाठच्या या धनगराच्या पोराकडे, म्हणजे बुवांकडे, अनुग्रह मागायला आले, हा आपला केवढा मोठेपणा, असं त्यांना वाटत असे आणि ते लपतही नसे. येत्या पौर्णिमेला बुवांनी त्यांना अनुग्रह द्यायचा, असं ठरलं होतं. तोवर बसून काय करायचं, म्हणून त्यांनी मठाला सोवळं शिकवायला घेतलं. सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसल्याशिवाय गाभाऱ्यात कुणी पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. बुवांना त्यातून सूट होती. ती शास्त्र्यांनी मोठ्या मनाने दिली होती.

बुवा नुसते हसले होते.

चैत्र लागला तशी पिंडीवर अखंड धार सुरू झाली. तांब्याचं अभिषेकपात्र साखळीला टांगायचं, तळाच्या भोकातून थेंब थेंब पाणी देवावर पडत राहायचं. उन्हाळाभर देवाला गारवा. हे पाणी भिंतीतल्या गोमुखातून बाहेरच्या दगडी डोणीत यायचं, आणि बकुळेला वाटीतल्या पाण्यापेक्षा हे वाहतं पाणी फार आवडायचं. कधी डोणीवर, कधी थेट पिंडीशी जाऊन ती पीत बसायची. आणि मग कधीकधी तिथेच तिला धरवत नसे.

बुवांची पाठ वळताच शास्त्र्यांनी विचार केला. मांजर पाणी पितं म्हणून मुततं. पाणी बंद केलं की मुतणं बंद. गाभारा स्वच्छ.

एवढं शिकलेल्या माणसाने एवढा सरळ विचार करावा, याचा मला अजून संताप येतो.

त्यांनी गाभाऱ्याचं जाळीचं दार लावलं. डोणीवर फरशी टाकली. वाटी पालथी घातली. आत देवाला उन्हाळा बाधू नये म्हणून रात्रंदिवस धार चालू होती, आणि दाराबाहेर एक आजारी जीव त्या थेंबांचा आवाज ऐकत पडून होता. दाराच्या लाकडावर खालच्या बाजूला नखांचे ओरखडे होते. ते मी स्वतः पाहिले.

आम्ही परतलो तेव्हा ती त्याच दाराशी पडली होती.

डॉक्टरीणबाई निरोप मिळताच स्कूटरवरून आल्या. त्यांनी बकुळेच्या हिरड्यांवर बोट फिरवलं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती परत बसली नाही, तशीच उभी राहिली. बाईंनी शास्त्र्यांकडे एकदा पाहिलं आणि पिशवीतून बाटली काढली.

सलाईन देऊन बघू, त्या म्हणाल्या. तिला लघवी झाली तर मूत्रपिंडं अजून थोडं काम करताहेत असं समजायचं. दिवस मावळेपर्यंत झाली नाही, तर मग तिला सुया टोचू नका.

बुवांनी मान हलवली आणि खांबाकडे पाहिलं.

खांबाला खिळा नव्हता. नुसतं भोक होतं.

"मीच काढला," शास्त्री म्हणाले. "येणारे जाणारे विचारतात, हा मठ आहे की दवाखाना. मला उत्तर द्यावं लागतं."

मी पुढे झालो. म्हटलं, बाटली मी हातात धरून उभा राहतो. बुवांनी मला हातानेच थांबवलं. ते बकुळेला घेऊन उठले, जाळीचं दार उघडलं आणि गाभाऱ्यात गेले.

आम्ही सगळे दारापर्यंत गेलो आणि थांबलो. डॉक्टरीणबाई चपला काढून उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. त्यांना नियम माहीत होता.

बुवांनी वर हात करून अभिषेकपात्र साखळीवरून काढलं. खाली जमिनीवर ठेवलं. आणि त्याच साखळीला सलाईनची बाटली अडकवली.

शास्त्र्यांचा चेहरा लाल झाला. "बुवा, अखंड धार मोडली. वैशाख संपेपर्यंत मोडायची नाही असा संकल्प आहे."

बुवांनी नळीची कळ फिरवली. बाटलीखालच्या काचेसारख्या नळकांड्यात एक थेंब पडला. मग दुसरा.

"मोडली कुठं?" बुवा म्हणाले. "पडतीय की."

...

बुवांनी सुई टोचली. बकुळा हललीसुद्धा नाही. एरवी ती गुरगुरायची.

मग ते शास्त्र्यांना म्हणाले, "आत ये. बस. हिला मांडीवर घे."

"मी?"

"गाभाऱ्यात सोवळ्यातल्यानंच बसायचं. तूच केलास न्हवं का ह्यो नियम? मठात मुकटा नेसलेला तू एकटाच हाईस."

शास्त्री उंबऱ्यावरच अडले. मग म्हणाले, शास्त्रात मांजराचा विटाळ धरत नाहीत हे खरं, पण मुताला कुठल्याही शास्त्रात सूट नाही. बुवांनी नुसतं शास्त्र्यांच्या मांडीकडे बोट केलं.

शास्त्री आत गेले आणि पिंडीशेजारी बसले. बकुळेला त्यांनी असं धरलं होतं, जसं माणूस दुसऱ्याचं ओलं फडकं धरतो.

थेंब पडत होते. कातडीखाली पाण्याचा फुगा धरत होता आणि हळूहळू तिच्या खांद्याकडे उतरत होता.

शास्त्र्यांचा राग मात्र उतरत नव्हता. खरं सांगायचं तर ते जे बोलले त्यात दम होता, आणि म्हणूनच मला ते जास्त झोंबलं.

ते म्हणाले, "मध्ये प्रवचनाला येणाऱ्या एका बाईंचा मुलगा गेला. आपण त्यांना सांगितलंत की देह जाणारच, त्याला धरून बसू नका. मी स्वतः ऐकलं. आणि आपण या मांजराला नळ्या लावून धरून बसला आहात. माणसाला एक न्याय आणि मांजराला दुसरा?"

बुवा उंबऱ्यावर टेकले होते. "देह जानारच," ते म्हणाले.

"मग?"

"जानार म्हणून त्याला तहान लागत न्हाई व्हय?"

शास्त्र्यांना ते पटलं नाही.

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "मी इथे अनुग्रहासाठी आलो आहे. मांजर राखायला नाही."

बुवांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग होता. बुवांचा राग मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"तू तिचं पानी तोडलंस," ते म्हणाले. "द्येवाच्या दारात."

एवढंच. आवाजही वाढला नाही. पण शास्त्र्यांनी मान खाली घातली.

...

ऊन कलायला लागलं. बाटली संपली. डॉक्टरीणबाईंनी उंबऱ्याबाहेरून विचारलं, झाली का? बुवांनी नाही म्हणून मान हलवली. शास्त्र्यांनी आता उठायला हरकत नव्हती. बुवांनी सुई काढून घेतली होती आणि कुणी त्यांना अडवलंही नव्हतं.

ते उठले नाहीत.

बकुळेने तोंड थोडंसं उघडलं. जीभ बाहेर आली आणि शास्त्र्यांच्या अंगठ्याला लागली. ती जीभ इतकी कोरडी होती की ते दचकले. त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग दाराकडे, तळाशी जिथे ओरखडे होते तिथे.

पिंडीभोवतीच्या शाळुंकेत दुपारचं पाणी साचून होतं. शास्त्र्यांनी त्यात बोटं बुडवली. देवाचं तीर्थ. ते त्यांनी मांजरीच्या ओठांवर सोडलं. पुन्हा बुडवली, पुन्हा सोडलं. तिला गिळता येतंय का, हे बघायला ते इतके वाकले की त्यांची शेंडी तिच्या कानावर आली.

"पी," ते म्हणाले. "पी गं, बाई."

मठात आल्यापासून ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. माझा त्यांच्यावरचा राग गेला नव्हता, पण त्या क्षणी मला तो नीट धरून ठेवता येईना.

बाहेर सूर्य टेकडीला लागला. डॉक्टरीणबाई पायरीवर बसून होत्या. त्यांनी पिशवीचा बंद बांधला, मग पुन्हा सोडला. शास्त्र्यांचे ओठ हलत होते. ते कुठलं स्तोत्र म्हणत होते की नुसतंच पी पी म्हणत होते, ते दारातून कळत नव्हतं.

मग ओठ थांबले.

ते अगदी स्थिर बसले. श्वाससुद्धा त्यांनी धरल्यासारखा वाटला.

"बुवा..."

"काय रं?"

"मांडी कोमट लागतेय."

बुवा उठले. डॉक्टरीणबाई धडपडत उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथे थबकल्या. शास्त्र्यांनी मान वर केली. "बाई, आत या," ते म्हणाले. "आत येऊन बघा."

डॉक्टरीणबाई आत गेल्या. रेशमी मुकट्यावर ओल पसरत होती. पाण्यासारखी, बिनरंगाची, वासही जवळजवळ नाही. बाईंनी बोटाने कापड चाचपलं आणि त्यांचे डोळे भरून आले. झाली, त्या म्हणाल्या. चांगली झाली आहे. अजून थोडे दिवस आहेत हिच्याजवळ.

बकुळेने डोकं उचललं. अगदी थोडं, आणि शास्त्र्यांच्या पोटाला टेकवलं.

शास्त्री हसत होते. रडतही होते. दोन्ही एकदम करण्याची त्यांना सवय नसावी, कारण चेहरा फार वेडावाकडा झाला होता. ओल त्यांच्या गुडघ्यावरून ओघळून फरशीवर आली, शाळुंकेच्या पाण्यात मिसळली आणि गोमुखाकडे निघाली, तरी त्यांनी पाय हलवला नाही.

असा बराच वेळ गेला.

मग जन्माची सवय जागी झाली. त्यांनी आपल्या मुकट्याकडे पाहिलं, पिंडीकडे पाहिलं. बकुळेला त्यांनी हलकेच डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं आणि ते संकोचून उभे राहिले. देवासमोर, गुरूसमोर, हे असं.

"बुवा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "येतो मी. आंघोळ करतो आणि सोवळं नेसून येतो."

बुवा अभिषेकपात्र पुन्हा साखळीला अडकवत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"कशाला रं?" ते म्हणाले. "आत्ता कुठं नेसलास."