नाव घातलेले डबे

"मग जुनं कुठं गेलं?" आक्कांनी विचारलं.

कुमुदिनीबाईंना प्रश्न नीटसा कळला नाही. त्या अजून मनानं आपल्या घरच्या फडताळातच होत्या. वरच्या फळीवर सेंद्रिय हळद, तिच्याशेजारी सेंद्रिय तिखट, मग धने, जिरे, खाली दगडफूल आणि तमालपत्र, असं सगळं त्या आक्कांपुढं मांडत होत्या, आणि मांडता मांडता त्यांचा ऊर भरून येत होता. अशा वेळी कुणी मध्येच जुन्याची चौकशी करतं का?

नदीच्या वळणावरचा हा मठ तसा लहानच. आक्का तिथल्या गुरू. वय झालेलं, बोलणं मोजकं. अनुग्रह द्यायला त्या सहसा तयार होत नसत. कुमुदिनीबाईंनी गेल्या वर्षी मागितला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "आधी घर साफ कर. मग ये."

दुसरी कुणी यावर विचार करत बसली असती. कुमुदिनीबाईंनी घरी जाऊन फडताळ उघडलं. बाजारच्या मसाल्यात रंग घातलेला असतो, पिकावर फवारे मारलेले असतात, आणि तेच आपण इतकी वर्षं नवऱ्यामुलांच्या ताटात वाढत आलो, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

पण बाई धोरणी. एकदम सगळं बदललं तर घरातले ओरडणार, म्हणून त्यांनी बेताबेतानं घेतलं. आधी हळद बदलली, ती कुणाच्या लक्षातही आली नाही. मग तिखट. आमटीचा रंग उतरला तशी नवऱ्यानं कुरकुर केली, ती त्यांनी कानाआड केली. मग धने-जिरे. सगळ्यात शेवटी हिंग, कारण मनासारखा हिंग मिळता मिळत नव्हता. आता घरात बाजारचा एक दाणा उरला नव्हता. गल्लीत असं दुसरं घर नव्हतं, आणि ही गोष्ट गल्लीला त्यांनीच सांगितली होती.

अभिमान वाटावा असंच काम होतं ते, आणि त्यांना तो भरपूर वाटत होता. आज अनुग्रह मिळणार, यात त्यांना शंका नव्हती.

"जुनं कुठं गेलं?" आक्कांनी पुन्हा विचारलं.

"वाया घालवलं नाही, आक्का. वर्षाची बेगमी होती, पण चिमूटभरसुद्धा टाकली नाही." कुमुदिनीबाईंची मान आणखी ताठ झाली. "दान केलं."

"बरं…"



जेवणाची वेळ झाली होती. मठाचा स्वयंपाक सगुणा बघायची. तिनं दोन ताटं आणून ठेवली. भात, आमटी आणि वांग्याची भाजी होती. आक्कांनी हात जोडले आणि भात कालवायला घेतला.

कुमुदिनीबाईंनी आपलं ताट हलकेच बाजूला सरकवलं. आपण आता बाहेरचं खात नाही, असं त्यांनी जमेल तेवढ्या नम्रपणानं सांगितलं. आक्कांनी रागावू नये, पण एकदा खरं कळल्यावर माणसाला मागं जाता येत नाही. मठानंही हळूहळू बदलायला हवं, वाटल्यास आपण येऊन शिकवू, असंही त्या म्हणाल्या.

"काय आहे यात?" आक्कांनी विचारलं.

"बाजारचं तिखट आहे, आक्का. म्हणजे विषच."

आक्कांचा घास क्षणभर हातात थांबला… मग त्यांनी तो शांतपणे तोंडात घातला.

"सगुणा, तिखटाचा डबा आण गं."

सगुणानं डबा आणून कुमुदिनीबाईंपुढं ठेवला. स्टीलचा, उभट, घट्ट झाकणाचा. झाकणावर नाव घातलेलं होतं. ते वाचायची त्यांना गरज नव्हती. भांड्यांच्या दुकानात उभं राहून, अक्षर ठळक काढा असं बजावून, त्यांनीच ते घालून घेतलं होतं. सौ. कुमुदिनी मधुकर खांबेटे यांजकडून मठास सप्रेम.

हळदीच्या डब्यावरही तेच होतं. धन्याच्या डब्यावरही…

घरात एकेक नवं आलं तसा एकेक डबा कुमुदिनीबाईंनी मोठ्या थाटात इथं आणून दिला होता. जे आपल्या मुलांच्या ताटात नको झालं, ते कुणाच्या ताटात चाललंय, हे एकदाही मनात आलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, मनापासून वाटली.

"तुम्ही… वर्षभर हेच…?"

"रोज," आक्का म्हणाल्या. "तुझं नाव वाचल्याशिवाय इथं फोडणी पडत नाही."

बाहेर ओसरीवर पंगत बसली होती. गावातली म्हातारीकोतारी माणसं, नदीपलीकडून आलेले दोघेतिघे वाटसरू. त्यांतलं कुणीतरी आणखी आमटी मागत होतं.

"मी उद्याच सगळं नवं आणून देते, आक्का. सगळं सेंद्रिय. हे फेकून देऊ."

"आण. घरी आणलंस तसंच, बेताबेतानं आण. हे आधी संपू दे."

"पण हे संपवणार कोण?"

बाजूला सरकवलेलं ताट आक्कांनी ओढून पुन्हा कुमुदिनीबाईंपुढं ठेवलं. आमटीचं पातेलं जवळ घेतलं आणि त्यांच्या भातावर आणखी एक पळी घातली.

पण एवढं होऊनही कुमुदिनीबाई त्या कुमुदिनीबाईच. वर्षभर ज्यासाठी खपलो ते विचारल्याशिवाय त्यांना राहवेना.

"आणि अनुग्रह, आक्का? तो कधी देणार?"

"तुला वाढलाय," आक्का म्हणाल्या. "गार होतोय."